प्रेक्षकाला किती ठाऊक? विनोदी चित्रपट आणि ट्रू क्राइम माहितीपट (लेख आणि त्यावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या आधी लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

मागची रांग

गेली काही वर्षे माझे पाहणे दोनच प्रकारांभोवती फिरत आले आहे. एक विनोदी चित्रपट आणि दुसरा ट्रू क्राइम, म्हणजे प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्यांवरचे माहितीपट व मालिका. पहिला शीण घालवायला आणि दुसरा झोप उडवायला, यापलीकडे या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल असे मला कधी वाटले नव्हते. मात्र मागच्या महिन्यात एका रात्री मी 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) कितव्यांदा तरी पाहिला, आणि दुसऱ्याच रात्री पूर्वी आवडलेली एक आठ भागांची गुन्हेमालिका पुन्हा पाहायला घेतली. चित्रपट नेहमीइतकाच, किंबहुना थोडा अधिकच रंगला. मालिका मात्र तिसऱ्या भागात बंद करावीशी वाटली, आणि तीही कंटाळा आला म्हणून नव्हे, तर राग आला म्हणून. शेवट ठाऊक असताना पाहिल्यामुळे पहिल्या वेळी आपल्याला कोठे कोठे हातोहात फसवले होते, ते एकेक करून दिसू लागले.

या फरकाचे मूळ मला 'कोणाला किती ठाऊक आहे' या साध्या प्रश्नात दिसते. विनोदी चित्रपटात, निदान फार्सच्या अंगाने जाणाऱ्या चित्रपटात, प्रेक्षकाला पात्रांपेक्षा जास्त ठाऊक असते. साडी नेसून उभी असलेली ही बाई मुळात बाईच नाही हे घरमालकिणीला ठाऊक नसते, आपल्याला असते, आणि म्हणून दारावर नुसती थाप पडली तरी आपण पात्रांच्या आधी सावध होतो. दिग्दर्शकाने आपल्याला कटात सामील करून घेतलेले असते. ट्रू क्राइम मालिकेत याच्या उलट घडते. दिग्दर्शक आणि संकलक यांच्या टेबलावर निकालासकट सगळी कागदपत्रे पडलेली असतात. आपल्याला मात्र ती भागागणिक चिमटी चिमटीने दिली जातात. ज्या माणसाचा खुनाशी काडीचाही संबंध नव्हता हे निर्मात्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असते, त्याच माणसाच्या चेहऱ्यावर दुसऱ्या भागाचा शेवट होतो, संगीत चढते, आणि आपण रात्रभर त्याच्याविषयी वाईट विचार करत पडतो.

याचा अर्थ विनोदी चित्रपट काही लपवत नाही असा नव्हे. बिली वाइल्डर यांच्या 'सम लाइक इट हॉट' (१९५९) ची सुरुवात आठवून पाहा. रात्रीच्या रस्त्यावरून एक शववाहिका चालली आहे, आत गंभीर चेहऱ्याची माणसे बसली आहेत. पोलीस पाठलाग करतात, गोळ्या झाडल्या जातात, आणि शवपेटीला पडलेल्या भोकांतून पातळ धार लागते. ती दारूची असते. येथे आपल्याला फसवले गेले हे खरे, पण फसवणूक उघड व्हायला दोन-तीन मिनिटेच लागतात आणि उघड झाल्यावर हसणारे आपणच असतो. शिवाय त्या फसवणुकीत कोणा जिवंत माणसाचे नाव बदनाम झालेले नसते. याच चित्रपटातले दोघे वादक ज्या हत्याकांडाचे साक्षीदार ठरतात, ते १४ फेब्रुवारी १९२९ रोजी शिकागोमध्ये सात जणांना भिंतीशी उभे करून मारल्याच्या खऱ्या घटनेवर बेतलेले आहे. म्हणजे एका खऱ्या गुन्ह्याच्या पायावर उभा राहिलेला हा विनोदी चित्रपट आहे, आणि तरीही तो आपण अमुक एका सत्याचा शोध लावत आहोत असा आव कोठेही आणत नाही.

आता दुसऱ्या बाजूचे उदाहरण घेऊ. 'द जिंक्स' (२०१५) या सहा भागांच्या मालिकेचा शेवट ज्यांनी पाहिला आहे ते तो विसरणे शक्य नाही. मुलाखत संपते, ज्यांच्यावर खुनांचा संशय आहे ते रॉबर्ट डर्स्ट स्वच्छतागृहात जातात, कॉलरला लावलेला मायक्रोफोन चालूच राहतो, आणि आपण काय केले असे स्वतःला विचारून सगळ्यांना मारले अशा अर्थाचे उत्तर ते स्वतःलाच देतात. हा भाग १५ मार्च २०१५ रोजी प्रसारित झाला आणि आदल्याच दिवशी त्यांना अटक झाली होती. माझ्या अंगावर तेव्हा काटा आला होता, हे मी नाकारत नाही. पुढे २०१९ मध्ये न्यायालयात सादर झालेल्या लेखी प्रतीवरून असे दिसून आले, की ती वाक्ये ज्या क्रमाने आपण ऐकली त्या क्रमाने ती बोललीच गेली नव्हती. 'मारले' हे वाक्य आधीचे होते, प्रश्न नंतरचा होता, आणि मध्ये दुसरेच काही पुटपुटणे होते. प्रश्न आणि उत्तर ही जोडी संकलनाच्या टेबलावर जुळवलेली होती. २०२१ मध्ये डर्स्ट एका जुन्या मैत्रिणीच्या खुनात दोषी ठरले, त्यामुळे निर्मात्यांचा संशय चुकीचा होता असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझी तक्रार एवढीच आहे, की पुरावा इतका भक्कम हाती असतानाही टाळी घेणाऱ्या शेवटासाठी त्यांना वाक्यांची उलटापालट करावीशी वाटली.

विनोदी लेखकाला ही सवलत कधीच मिळत नाही. प्रसंग फसला तर हसू येत नाही, आणि हसू आले नाही हे प्रेक्षकाला त्याच क्षणी कळते. त्याला समीक्षकाची किंवा न्यायालयाची वाट पाहावी लागत नाही. गुन्ह्यावरचा माहितीपट फसला, तर तो फसला आहे हे कळायला कधी चार वर्षे जातात, कधी ते कळतच नाही. माझे मत कदाचित टोकाचे असेल, परंतु गुन्हा, खोटेपणा आणि माणसाचा स्वार्थ या विषयांवर माझा विश्वास आज माहितीपटांपेक्षा विनोदी चित्रपटांवर अधिक आहे. 'जाने भी दो यारों' (१९८३) मध्ये दोन छायाचित्रकार फोटो मोठा करता करता त्यात खून पाहतात. त्यानंतर प्रेताची जी पळवापळवी होते तिच्यावर आपण पोट धरून हसतो. दारूच्या नशेतला बिल्डर रस्त्यात पडलेल्या शवपेटीला मोटार समजतो आणि आतल्या मृत माणसाशी आस्थेने बोलू लागतो, तेव्हा तर हसू आवरत नाही. आणि अखेरीस शिक्षा होते ती त्या दोघा निरपराध छायाचित्रकारांनाच. चुकीच्या माणसाला शिक्षा कशी होते यावर मी इतक्या मालिका पाहिल्या, पण कैद्याच्या कपड्यांत कॅमेऱ्याकडे वळणाऱ्या त्या दोघांनी मला जे सांगितले, ते त्यांतल्या फार थोड्यांना सांगता आले आहे.

एक अपवाद मात्र मी मनापासून मान्य करतो. एरॉल मॉरिस यांचा 'द थिन ब्लू लाइन' (१९८८). त्याविषयी सविस्तर लिहायचे होते, पण लेख लांबला आहे. चर्चेत तो विषय निघाला तर लिहीन.

शंकेखोर

लेख आवडला, पण युक्तिवाद पटला नाही. तुम्ही विनोदी चित्रपटांतले उत्तमातले उत्तम निवडले आहे आणि माहितीपटांतले एक वादग्रस्त उदाहरण. ही तुलना न्याय्य नाही. दुसऱ्याची फजिती, जाडेपणा, तोतरेपणा आणि बाईचे कपडे घातलेला पुरुष एवढ्याच भांडवलावर चालणारे विनोदी चित्रपट आपण सर्वांनी ढिगाने पाहिलेले आहेत. त्यांतही हसू येते. म्हणजे हसू आले एवढ्यावरून चित्रपट प्रामाणिक ठरत नाही.

दुसरे असे, की ज्या अपवादाचा तुम्ही एका ओळीत उल्लेख करून पुढे गेलात, तो अपवाद तुमचे सगळे विवेचन उलटवू शकतो. 'द थिन ब्लू लाइन' ज्यांच्या खटल्यावर आहे त्या रँडल डेल अॅडम्स यांना १९७६ मधील एका पोलीस अधिकाऱ्याच्या खुनासाठी मृत्युदंड झाला होता, पुढे तो जन्मठेपेत बदलला. माहितीपट १९८८ मध्ये आला आणि १९८९ मध्ये ते तुरुंगाबाहेर आले. 'पॅराडाइज लॉस्ट' (१९९६) हा माहितीपट आणि त्याचा दुसरा भाग नसता, तर १९९३ मधील तीन मुलांच्या हत्येसाठी शिक्षा भोगणारे तीन तरुण २०११ मध्ये सुटले असते का, याची मला शंका आहे. विनोदी चित्रपटाने आजवर कोणाला फाशीच्या दोरापासून खाली उतरवल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

माहिती टप्प्याटप्प्याने देणे ही फसवणूक आहे, हेही मला मान्य नाही. न्यायालयात साक्षीपुरावे क्रमानेच येतात. ज्युरीलाही पहिल्या दिवशी सर्व काही ठाऊक नसते. तपास कसा घडत गेला हे दाखवायचे असेल, तर तपास करणाऱ्याला ज्या क्रमाने कळले त्या क्रमाने सांगणे हाच सरळ मार्ग आहे.

मागची रांग

विनोदाविषयीचा पहिला आक्षेप मी स्वीकारतो. हसू ही प्रामाणिकपणाची हमी नव्हे. माझ्या लेखात तसे ध्वनित झाले असेल तर ती माझ्या मांडणीतली चूक आहे. मला म्हणायचे होते ते इतकेच, की विनोदाचा सांगाडा प्रेक्षकापासून लपलेला नसतो.

'द थिन ब्लू लाइन' मला अपवाद का वाटतो हेही येथे सांगतो, कारण तोही याच मुद्द्याशी जोडलेला आहे. त्या चित्रपटात गोळीबाराची रात्र पुन्हा पुन्हा अभिनयातून उभी केली आहे, आणि दर वेळी ती थोडी बदलते, कारण दर वेळी ती दुसऱ्या कोणाच्या तरी सांगण्यानुसार असते. मारल्या गेलेल्या अधिकाऱ्याची सहकारी त्या क्षणी गाडीबाहेर होती की आत बसून होती, या प्रश्नावर बरेच काही अवलंबून होते. मॉरिस काय दाखवतात, तर हवेत संथ गतीने उडणारा मिल्कशेकचा कागदी पेला आणि तो रस्त्यावर जेथे पडतो ती जागा. तो पेला प्रेक्षकाला 'हे असेच घडले' असे सांगत नाही. जो जबाब तुम्ही आत्ता ऐकलात तो खरा धरला तर पेला येथे पडायला हवा, एवढेच तो सांगतो. पुढच्या जबाबाच्या वेळी आपण आपोआपच पेल्याकडे पाहू लागतो. माहिती राखून ठेवण्याऐवजी आपल्याला ती तपासायला शिकवणारा हा चित्रपट आहे. गंमत म्हणजे नाट्यरूपांतराचा हाच वापर तेव्हा अनेकांना माहितीपटाच्या नियमांत बसणारा वाटला नव्हता, आणि आज ज्या मालिकांत धूसर प्रकाशात जिना चढणारे कोणाचे तरी बूट दाखवले जातात, त्या मालिका स्वतःला त्याच्याच वारस समजतात. बूट पाहून आपल्याला काय कळते? काहीही नाही. भीती मात्र वाटते.

न्यायालयाशी केलेली तुलना मला अपुरी वाटते. न्यायालयात साक्ष संपली की दुसऱ्या बाजूचा वकील लगेच उलटतपासणीला उभा राहतो. मालिकेत तो चार भागांनंतर उभा राहतो, आणि निर्मात्याची मर्जी नसेल तर राहतच नाही. खुनाच्या एका खटल्यावरची 'मेकिंग अ मर्डरर' (२०१५) ही मालिका पाहून एक लाखाहून अधिक लोकांनी आरोपीच्या माफीच्या अर्जावर सह्या केल्या आणि व्हाइट हाउसला उत्तर द्यावे लागले, की राज्याच्या न्यायालयातील शिक्षा माफ करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना नाही. मृत तरुणीच्या गाडीच्या बॉनेटच्या खटक्यावर आरोपीचा डीएनए सापडल्याचा सरकारी पक्षाचा पुरावा मालिकेत आलाच नव्हता, हे त्यांतल्या कितीजणांना सही करताना ठाऊक असेल? तो पुरावा निर्णायक होता की नव्हता, हा वाद वेगळा आहे. तो ऐकण्याचा अधिकार प्रेक्षकाला होता.

कातरकाम

मी संकलनाचे काम करतो, गुन्ह्यांवरच्या मालिकांचे नव्हे, पण मुलाखतींवर आधारलेल्या कार्यक्रमांचे पुष्कळ केले आहे. त्यामुळे येथे जे चालले आहे त्यात टेबलाच्या आतल्या बाजूने दोन शब्द घालतो.

मुलाखत देणाऱ्याचा चेहरा दिसत असताना तो जे वाक्य बोलतो, त्यावर सहसा विश्वास ठेवायला हरकत नसते. मात्र वाक्याच्या मध्येच पडद्यावर खिडकी, रिकामा रस्ता, जुना फोटो किंवा चहाचा कप आला, तर सावध व्हावे. या दृश्यांना आम्ही बी-रोल म्हणतो. कित्येकदा ती निव्वळ शोभेसाठी असतात. कित्येकदा त्यांच्याखाली कात्री चाललेली असते. सकाळच्या मुलाखतीतले अर्धे वाक्य आणि संध्याकाळच्या मुलाखतीतले अर्धे वाक्य जोडून जे तिसरेच वाक्य तयार होते, त्याला धंद्यात 'फ्रँकनबाइट' म्हणतात. प्रत्येक वेळी यात लबाडी असते असे नाही. माणसे अडखळतात, एकच गोष्ट चार वेळा सांगतात, आणि ती नीट ऐकू येण्यासाठी जोडकाम करावेच लागते. पण बोलणाऱ्याला जे म्हणायचे होते ते स्पष्ट करणे आणि आपल्याला हवे ते त्याच्याकडून वदवून घेणे, यांत एका फ्रेमचे अंतर असते आणि ते अंतर प्रेक्षकाला बाहेरून दिसत नाही.

विनोदाच्या बाबतीत याहून मजेदार गोष्ट विरामाची आहे. 'सम लाइक इट हॉट' चा उल्लेख झालाच आहे, म्हणून सांगतो. त्यात जॅक लेमन आपले लग्न ठरल्याची बातमी मित्राला देतात तो प्रसंग आठवा. त्यांच्या हातात माराका, म्हणजे खुळखुळ्यासारखे वाद्य आहे आणि प्रत्येक वाक्यानंतर ते ते वाजवत गिरक्या घेतात. वाइल्डर यांनी ते वाद्य त्यांच्या हाती मुद्दाम दिले होते, कारण हशा इतका होणार याची त्यांना खात्री होती, की मध्ये जागा सोडली नसती तर पुढचे वाक्य त्यात बुडून गेले असते. पडद्यावर काही तरी चालू राहावे आणि प्रेक्षकाचे हसून व्हावे, यासाठी तो खुळखुळाट आहे. म्हणजे तो विराम प्रेक्षकाच्या मालकीचा आहे.

माहितीपटातही अगदी असाच विराम असतो. माणूस बोलून थांबतो, आणि कट न करता कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर दोन-तीन सेकंद ठेवला जातो. कोणताही माणूस बोलणे संपल्यावर ओठ ओले करतो, इकडेतिकडे पाहतो, अवघडून बसतो. तेवढ्या दोन सेकंदांत तो आपल्याला गुन्हेगार वाटू लागतो. मी स्वतः एका निरुपद्रवी कार्यक्रमात असा विराम ठेवला होता, आणि ज्यांची मुलाखत होती त्या गृहस्थांनी नंतर दूरध्वनी करून विचारले होते, "मी इतका खोटारडा का दिसतो?" ते खरे बोलत होते. मी तो तुकडा पुढच्या आवृत्तीत काढून टाकला.

निशाचर

कातरकाम यांचा प्रतिसाद वाचून मी काल रात्री पाहिलेला एक भाग आज पुन्हा काढून पाहिला, आणि तो विराम मोजता मोजता माझी रात्रीची करमणूक संपली! आता तक्रार कोणाकडे करावी?

मी मुख्यतः ट्रू क्राइमच पाहते आणि त्याबद्दल मला संकोच वाटत नाही. हे का आवडते असे विचारणाऱ्यांच्या स्वरात बहुधा असे गृहीत असते, की रक्तपात पाहायची आमची काही विकृत हौस आहे. अमांडा व्हिकेरी आणि क्रिस फ्रॅली या अभ्यासकांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला शोधनिबंध या प्रश्नावरच आहे. खऱ्या गुन्ह्यांवरची पुस्तके पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक ओढून घेतात, आणि त्यांतही पीडितेने सुटकेसाठी काय युक्ती केली हे ज्या पुस्तकात सांगितलेले असते त्याकडे त्यांचा ओढा विशेष असतो, असे त्यांना आढळले. मला हे ओळखीचे वाटते. मी खुन्याची मानसिकता समजून घेण्यासाठी पाहत नाही. तो दारावर आला तेव्हा त्याने काय सांगितले, तिला शंका कधी आली आणि शंका येऊनही तिने दार का उघडले, हे मी पाहत असते. विनोदी चित्रपट मला हे सांगत नाही. तेथे दार उघडले की बाहेर उभा असलेला माणूस नेहमी चुकीचाच असतो, पण त्याच्याकडून धोका कधीच नसतो.

मूळ लेखातल्या रागाशी मात्र मी सहमत आहे, आणि माझ्या रागाचे कारण थोडे निराळे आहे. 'पॅराडाइज लॉस्ट'चे गोडवे येथे गायले गेले. त्याच मालिकेच्या दुसऱ्या भागाने (२०००) मारल्या गेलेल्या एका मुलाच्या सावत्र वडिलांकडे संशयाची सुई वळवली. ते गृहस्थ कॅमेऱ्यासमोर आरडाओरडा करत, थडगी उभारून जाळत, शिव्याशाप देत. पडद्यावर ते एखाद्या भयपटातल्या पात्रासारखे दिसले. पुढे त्याच गृहस्थांनी तुरुंगातले तिघे निर्दोष आहेत असे जाहीरपणे म्हटले, आणि तिसऱ्या भागात संशय दुसऱ्याच कोणाकडे सरकला. एका निरपराधाला सोडवताना दुसऱ्याच्या माथी खून मारायचा, हा हिशेब कसा लावायचा? शंकेखोर, तुमच्या फाशीच्या दोराच्या युक्तिवादात मला याचे उत्तर सापडले नाही.

जुना प्रोजेक्टर

चर्चा गंभीर झाली आहे, म्हणून शंभर वर्षे मागे जातो. बस्टर कीटन यांचा 'शेरलॉक ज्युनिअर' (१९२४) पाऊण तासाचा मूकपट आहे. नायक चित्रपटगृहात प्रोजेक्टर चालवतो आणि फावल्या वेळात गुप्तहेर कसे व्हावे याचे पुस्तक वाचतो. प्रेयसीच्या वडिलांचे घड्याळ चोरीला जाते, हा पुस्तकात वाचून तपास सुरू करतो, आणि पहिल्याच फटक्यात चोर म्हणून स्वतःच पकडला जातो. मग तो प्रोजेक्टरशेजारी झोपी जातो आणि स्वप्नात पडद्यावर शिरून मोठा नामांकित गुप्तहेर होतो. इकडे त्याची प्रेयसी घड्याळ जेथे गहाण पडले होते त्या दुकानात जाते, हे कोणी आणून दिले असे सरळ विचारते, आणि प्रकरण निकालात निघते. घरबसल्या पुस्तके चाळून, किंवा आजच्या भाषेत आठ भाग पाहून, स्वतःला तपास अधिकारी समजू लागणाऱ्या प्रेक्षकाची यापेक्षा चांगली थट्टा मला ठाऊक नाही. आणि हे सर्व ट्रू क्राइम हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी!

(अवांतर: त्याच चित्रपटात पाण्याच्या टाकीखालच्या प्रसंगात कीटन यांच्या मानेचे हाड मोडले होते आणि ते त्यांना कित्येक वर्षांनी एका वैद्यकीय तपासणीत कळले. विनोदी चित्रपटातले पडणे तरी खरेखुरे होते.)

विनोद आणि खरा गुन्हा यांच्यात काळाचे अंतर किती असावे, हाही प्रश्न येथे निघायला हवा होता. शिकागोचे हत्याकांड आणि 'सम लाइक इट हॉट' यांत तीस वर्षे होती. चॅप्लिन यांचा 'मस्यू व्हर्दू' (१९४७) ज्याच्यावरून सुचला, तो आंरी लांद्रू अकरा खुनांबद्दल १९२२ मध्ये गिलोटिनवर गेला होता. म्हणजे पंचवीस वर्षे. तरीही अमेरिकेत तो चित्रपट प्रेक्षकांच्या पचनी पडला नाही, कारण बायकांना मारणारा हा खुनी सभ्य, टापटिपीचा आणि फुलांची काळजी घेणारा दाखवला होता. माहितीपटाला मात्र इतके थांबण्याची गरज कोणालाच वाटत नाही. खटला चालू असतानाच त्याचे चित्रीकरण सुरू होते.

आणि खोटेपणाचेच म्हणाल, तर कोएन बंधूंच्या 'फार्गो' (१९९६) ने सुरुवातीलाच पडद्यावर लिहून टाकले की ही सत्यकथा आहे, आणि ती तशी नव्हती. लोकांनी ते मुकाट्याने मान्य केले आणि एरवी जेथे हसले असते तेथे थोडे कचरत हसले. 'सत्यकथा' ही एकच पाटी प्रेक्षकाच्या हसण्यावर केवढा परिणाम करते, याचा तो जणू प्रयोगच होता.

मागची रांग

जुना प्रोजेक्टर यांनी 'फार्गो' ची आठवण करून दिली हे बरे झाले, कारण तो माझ्या मांडणीला छेद देतो. तेथे विनोदी अंगाच्या चित्रपटानेच प्रेक्षकाला कमी माहिती दिली. माझा नियम त्यामुळे थोडा लंगडा झाला आहे.

या दोन प्रकारांची नाळ प्रत्यक्ष जोडलेली असल्याचे एक उदाहरण मला नंतर आठवले. 'द जिंक्स' चे दिग्दर्शक अँड्र्यू जरेकी यांचा पहिला मोठा माहितीपट 'कॅप्चरिंग द फ्रीडमन्स' (२००३) हा मुळात मुलांच्या वाढदिवसांना खेळ करणाऱ्या विदूषकांवर निघणार होता. त्यांतल्या एका विदूषकाशी बोलता बोलता त्यांच्या लक्षात आले, की या माणसाच्या घरात काही तरी दडलेले आहे. वडील आणि धाकटा भाऊ यांच्यावर लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप होते, दोघांनी गुन्हा कबूल केला होता, आणि खटला चालू असताना घरातल्या माणसांची भांडणे त्या विदूषकाने स्वतःच्या कॅमेऱ्यावर टिपून ठेवली होती. तो चित्रपट पाहताना कबुली खरी होती की दडपणाखाली दिलेली, याचा निर्णय अखेरपर्यंत होत नाही. पण मला त्यातले जे विसरता येत नाही, ते त्या घरगुती चित्रफितींत ही मंडळी मध्येच विनोद करतात ते. उद्या तुरुंगात जायचे आहे अशा दिवशीही ते कॅमेऱ्यासमोर माकडचेष्टा करतात. पटकथा लिहिणाऱ्या कोणालाही तसे लिहिण्याचे धाडस झाले नसते.

ट्रू क्राइमचे सर्वांत नेमके परीक्षण मला एका विनोदी मालिकेतच सापडले, हेही नोंदवतो. 'अमेरिकन व्हँडल' (२०१७) मध्ये शाळेच्या आवारातील सत्तावीस गाड्यांवर कोणी तरी अश्लील चित्र रंगवलेले असते, आणि दोन विद्यार्थी त्यावर अतिशय गंभीर चेहऱ्याने माहितीपट काढतात. नकाशे, वेळापत्रके, घोगऱ्या आवाजातले निवेदन, साक्षीदाराच्या चेहऱ्यावर रेंगाळणारा कॅमेरा, सर्व काही त्यात आहे. पहिले दोन भाग आपण नुसते हसतो. पुढे त्या चौकशीत वर्गातल्या मुलांच्या खाजगी गोष्टी चव्हाट्यावर येऊ लागतात, आणि शेवटी संशयातून सुटलेला मुलगा तोच माहितीपट पाहून आपल्याविषयी सगळ्यांचे काय मत होते ते ऐकतो. तेथे हसू थांबते.

शंकेखोर

निशाचर यांना उत्तर देणे लागतो. त्या सावत्र वडिलांविषयीच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी तो भाग पाहिला होता आणि तेव्हा मीही त्यांनाच दोषी धरले होते, अगदी बोट दाखवून, जेवणाच्या टेबलावर.

एक बारीक दुरुस्ती माझ्याच विधानात करतो. ते तिघे 'सुटले' असे मी लिहिले, पण ते निर्दोष ठरले नाहीत. स्वतःला निर्दोष म्हणवतानाच, सरकारी पक्षाकडे शिक्षेइतका पुरावा आहे हे मान्य करायचे, अशा विचित्र प्रकारच्या कबुलीवर अठरा वर्षांनी त्यांना बाहेर येता आले. चित्रपटाने दार उघडले खरे, पण पूर्ण नव्हे. अॅडम्स यांनी सुटल्यानंतर स्वतःच्याच जीवनकथेच्या हक्कांवरून मॉरिस यांच्याविरुद्ध दावा लावला होता, आणि तो न्यायालयाबाहेर मिटला. ज्याने सोडवले त्याच्यावरच दावा! यावर विनोदी चित्रपट निघू शकेल.

निशाचर

निघाला तर मी पाहीन. पण एक गोष्ट कोणी बोलले नाही म्हणून विचारते. 'जाने भी दो यारों' मधले प्रेत एका भ्रष्ट अधिकाऱ्याचे असते, त्याच्यासाठी रडणारे कोणी नसते, म्हणून आपण निर्धास्तपणे हसू शकतो. माहितीपटातल्या मृत व्यक्तीसाठी रडणारी माणसे समोर बसलेली असतात. मग तिच्याविषयी आपल्याला त्या प्रेताहून अधिक काय कळते?

मागची रांग

हा प्रश्न वाचून मी ती अर्धवट सोडलेली मालिका पुन्हा लावली, आणि या वेळी फक्त मृत तरुणीकडे लक्ष ठेवले. आठ भागांत तिची पाचच छायाचित्रे आहेत. तीच आलटून पालटून येतात, आणि दर वेळी कॅमेरा हळूहळू तिच्या डोळ्यांकडे सरकतो. आरोपीचे बालपण एका संपूर्ण भागात आहे. तिची नोकरी एका वाक्यात. पाचांपैकी चौथे छायाचित्र मात्र मी थांबवून बराच वेळ पाहिले. त्यात ती तोंडावर हात धरून, डोळे मिटून हसते आहे. जवळच्या कोणी तरी काही गमतीचे बोललेले असावे. चौकट तिच्याभोवती घट्ट कापली आहे, त्यामुळे शेजारच्या माणसाचा केवळ खांदा दिसतो. तो कोणाचा, हे मालिकेने शेवटपर्यंत सांगितलेले नाही.